टेक तीनमधल्या चपला

हिंगोलीतल्या त्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी सकाळी दहाला पन्नास-साठ माणसं येऊन बसली होती. खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला होता. नवरा-नवरीच्या खुर्च्या मागे सरकवून स्टेजवर पांढरा पडदा लावला होता, आणि पडद्याच्या बाजूला हातात वही घेऊन सपना उभी होती. एवढ्या माणसांत वधूच्या बापासारखा चेहरा फक्त तिचाच झाला होता.

सिनेमाचं नाव 'मोगऱ्याची मुदत'. सन सत्तेचाळीस, निजामाचा अंमल, हळदीच्या अडत्याची मुलगी आणि तहसीलदाराचा मुलगा, दोघांचं प्रेम आणि दोन्ही घरांचा विरोध. तीन आठवड्यांनी तो सगळीकडे लागणार होता. महिन्यापूर्वी त्याची झलक बाहेर आली आणि कुणीतरी हिरोच्या पाठीमागे विजेचा खांब पकडला. मग चार दिवस लोकांच्या फोनवर तो खांबच फिरत होता. हिरोपेक्षा खांब जास्त गाजला. दिग्दर्शक अपूर्व पुण्याचा, तिशीतला, रागीट पण कामाचा पक्का. त्याने ठरवलं की सिनेमा आधी इथल्याच माणसांना दाखवायचा. त्यांना जे खटकेल ते बघायचं आणि जे पुसता येईल ते कॉम्प्युटरवर पुसायचं.

सपना कुरुंद्याची. नांदेडला शिकली, आणि मागच्या वर्षी शूटिंग तिच्याच गावात आलं तेव्हा कंटिन्युटीच्या कामाला लागली. हिरोने कप डाव्या हातात धरला होता की उजव्या, हिरॉईनच्या वेणीत गजरे दोन होते की तीन, हे सगळं वहीत टिपून ठेवायचं काम. एकच प्रसंग पाच-सहा वेळा घेतात, त्या एकेका वेळेला टेक म्हणतात. प्रत्येक टेकच्या आधी पोशाखवाला, मेकअपवाला, सामानवाला आपापलं तपासून 'ओके' ओरडतो आणि सपना त्याच्या नावाचं पहिलं अक्षर वहीत लिहिते. ज्याचं अक्षर, त्याची जबाबदारी. सगळं युनिट त्या वहीवर चालायचं.

"आज प्रत्येक चूक या वहीशी ताडून बघणार आहे," सुरुवातीलाच अपूर्वने सगळ्यांदेखत सांगितलं होतं. "ज्याच्या ओकेखाली चूक सापडली, तो माझ्या पुढच्या सिनेमात नाही. खांबाने माझी पुरती शोभा केली आहे."

पुढचा सिनेमा दिवाळीनंतर सुरू होणार होता आणि त्यात सपनाला सहायक दिग्दर्शक करायचं कबूल झालं होतं. पडद्यावर नाव येणार होतं. कुरुंद्यात ही बातमी तिच्या वडिलांनी एवढ्या लोकांना सांगितली होती की आता ती खोटी पडून चालणार नव्हती.

आणि त्या वहीत एक खोटी नोंद होती. दृश्य एकेचाळीस, टेक तीन. ती सपनानेच केली होती, आणि सिनेमाच्या कच्च्या प्रतीत पडद्याच्या कोपऱ्यात दृश्याचे आकडे पळत होते. आत्ता तिथे सहा दिसत होतं.

पहिल्या रांगेत विश्वंभरकाका बसले होते. तहसील कचेरीतून नाझर म्हणून निवृत्त झालेला माणूस. घरात पिढ्यान्‌पिढ्या देवीची पूजा, आणि स्वतः जुन्या कागदांचे वेडे. मांडीवर डायरी, हातात छोटी बॅटरी.

"थांबवा," ते म्हणाले. चित्र थांबलं. "कचेरीवर देवनागरी पाटी कशी? निजामाचा कारभार उर्दूत होता."

"काका, प्रेक्षकांना वाचता यायला हवी ना."

"प्रेक्षकांना वाचता यावी म्हणून आपण निजाम बदलायचा का?"

हॉल हसला. अपूर्वही नाइलाजाने हसला. सपनाने लिहून घेतलं.

बाराव्या दृश्यात मागून एक बाई उभी राहिली. "ओ साहेब, हिरॉईनच्या अंगणात हळद शिजून राहिली अन् पाठीमागं वावरात हिरवीगार उभी हाय. मंग कढईत शिजवून काय राहिले, बटाटे?"

यावर तर टाळ्याच पडल्या. ही चूक मुंबईत कुणालाही दिसली नसती, पण वसमत-कुरुंद्याकडची चार वर्षांची पोरंही ती पकडतील. पुढे प्रेमिकांच्या मागे गाजरगवत डुलताना दिसलं. ते गवत आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी आलं, असं विश्वंभरकाकांनी सांगितलं. बाकीच्यांना एवढंच कळलं की इतक्या सुंदर गाण्यात आपल्या बांधावरची ही पीडा नको.

अठ्ठाविसाव्या दृश्यात हिरोचं घड्याळ डाव्या मनगटावरून उजव्यावर गेलं. अपूर्वने मान वळवली. "सपना?"

सपनाने पान उलटलं. "डाव्या हातात, सर. तिन्ही टेकमध्ये डाव्याच. एडिटिंगमध्ये चित्र उलटं केलं असेल. बघा, मागच्या बैलाचं मोडकं शिंगही दुसरीकडे गेलं आहे."

एडिटरला फोन लागला आणि ते खरं निघालं. "हिच्या वहीत असेल तेच खरं," अपूर्व सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. एरवी हे ऐकून सपना हवेत गेली असती. त्या दिवशी मात्र तिला ते नकोसं वाटलं, कारण वहीवरचा विश्वास जसजसा वाढत होता तसतसं एकेचाळीस अवघड होत चाललं होतं.

दुसऱ्या रांगेत तिची आजी बसली होती. पद्माबाई, वय अठ्ठ्याहत्तर. गावातल्या ज्या बायाबापड्यांनी सिनेमात गर्दीची कामं केली, त्यांत तीही होती. पांढरं इस्तरीचं लुगडं नेसून, पायातल्या निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला खुर्चीखाली व्यवस्थित जोडून ती पडद्याकडे बघत होती. आणि दाराशी नेमसिंग उभा होता. कळमनुरीकडच्या तांड्यावरचा, हिंगोलीत शिवणकामाचं दुकान असलेला, आणि या सिनेमाचा पोशाखवाला. पुढच्या सिनेमासाठी अपूर्वने त्यालाही शब्द दिला होता.

त्या दिवशी झालं होतं ते असं. गावाबाहेरच्या रस्त्यावर कलाविभागाने प्लायवूडची वेस उभी केली होती, दगडी दिसेल अशी रंगवलेली. दृश्य हिरोचं होतं. तो घोड्यावरून वेशीतून आत येतो, आणि त्याच्या बाजूने डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी जाते. ती म्हातारी पद्माबाई. सत्तेचाळीस सालची, गावकुसाबाहेरची म्हातारी वेशीतून अनवाणीच जाणार, असं ठरलं होतं. नेमसिंगने चपला काढून घेऊन गाडीत ठेवल्या. पहिला टेक झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या आधी नेमसिंग हिरोच्या पागोट्यात अडकला होता. तेवढ्यात आजी गाडीकडे गेली, चपला घातल्या आणि जागेवर येऊन उभी राहिली. सपनाने ते पाहिलं. आजीनेही तिला पाहताना पाहिलं. ओरडायचं काम सपनाचं होतं. तिने ओरडायच्या ऐवजी वहीत पोशाखाच्या रकान्यात 'ने' लिहिलं. नेमसिंग ओके म्हणालाच नव्हता.

तिला वाटलं होतं, पाय चौकटीच्या अगदी खाली आहेत, धूळ आहे, घोडा आहे, कोण बघतंय! आणि खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता. आजीने खोट्या वेशीपुढेसुद्धा चपला काढायला नकार दिला, ही गोष्ट तिने वर्षभर मनात जपून ठेवली होती.

कोपऱ्यात एकेचाळीस आलं.

घोडा आला. धूळ उडाली. हिरो झकास दिसत होता. टोपली घेतलेली म्हातारी बाजूने गेली आणि चित्र पुढे सरकलं. सपनाने सुटल्यासारखं वहीचं पान उलटलं.

"थांबवा," विश्वंभरकाका म्हणाले. "मागे घ्या. अजून मागे. तिथेच."

ते उठून पडद्याजवळ गेले आणि बॅटरीचा उजेड खालच्या कोपऱ्यात टाकला. धुळीत निळा पट्टा स्पष्ट दिसत होता. पुढच्या तुकड्यात पाय अनवाणी. त्याच्या पुढच्यात पुन्हा चपला.

"रबरी चप्पल!" कुणीतरी ओरडलं. "निजामाच्या राज्यात रबरी चप्पल!" हशा पिकला. पद्माबाई हसली नाही.

"त्या चामड्याच्या करू कॉम्प्युटरवर," अपूर्व कपाळाला हात लावून म्हणाला. "रंग बदलला की झालं."

"नाही चालणार," विश्वंभरकाका म्हणाले. "चामड्याच्याही नाही चालणार. ही बाई वेशीतून चाललीय. त्या काळी हे लोक..." ते अडखळले. हॉलमध्ये कोण कोण बसलं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. मग त्यांनी आवाज खाली आणून वाक्य पूर्ण केलं. "त्यांना वेशीत पायात घालू देत नव्हते."

हशा जागच्या जागी थांबला.

"आमच्या गावात तसलं कधी न्हवतं," मधल्या रांगेतून एक जण म्हणाला. "समदे गुण्यागोविंदानं राहत व्हते."

"होतं," विश्वंभरकाका त्याच्याकडे वळून म्हणाले. "माझ्या वडिलांच्या वेळेला होतं. म्हणून तर सांगतोय."

"मंग राहू द्या ना चपला!" मागून एक तरुण उभा राहिला. "पिक्चरमंदी तरी एक बाई घालून गेली तर कोणाचं काय गेलं? पुसता काहून?"

"आणि मग लोकांना वाटेल की असंच होतं," विश्वंभरकाका म्हणाले. "सगळे आपले चपला घालून हिंडत होते."

दोघांचंही पटावं असंच होतं, आणि म्हणूनच आवाज चढले. मधल्या रांगेतला माणूस उठून उभा राहिला, मागचा तरुण पुढे आला. अपूर्वने दोन्ही हात वर केले. त्याला वाद नको होता, सिनेमा हवा होता. "बस! पाय अनवाणी करू. दोन तासांचं काम आहे. सपना, लिही, एकेचाळीस, चपला पुसणे. आणि वही दे इकडे. पोशाख कुणी ओके केला होता?"

सपनाने वही दिली. अपूर्वने पानावर बोट फिरवलं.

"टेक तीन. 'ने'." त्याने दाराकडे पाहिलं. "नेमसिंग."

नेमसिंग दोन पावलं पुढे आला. "साहेब, म्या तर काढून घेतल्या व्हत्या. गाडीत ठेवल्या व्हत्या."

"मग तिसऱ्या टेकला ओके कसं म्हणालास?"

नेमसिंगने डोकं खाजवलं. तो खरोखर आठवत होता. वर्षभरापूर्वीचा दिवस, शेकडो टेक, शेकडो ओके. त्याने सपनाकडे पाहिलं, तिच्या वहीकडे पाहिलं, आणि त्या वहीवर त्याचाही सगळ्यांइतकाच विश्वास होता. "वहीत हाय म्हंजी म्हणलो असंन, साहेब," तो म्हणाला. "गडबडीत बघितलं नसंन. गलती झाली."

सपनाला हे सोसवेना. त्याने भांडण केलं असतं, खोटं म्हटलं असतं, तर तिला गप्प राहता आलं असतं कदाचित. पण तो तिच्या खोट्यासाठी स्वतःची आठवण मोडून देत होता. ती गप्प राहिली तर दिवाळीनंतर तिचं नाव पडद्यावर येणार होतं आणि नेमसिंग दुकानात बसून बायकांचे ब्लाउज शिवणार होता. तिने आजीकडे पाहिलं. आजी तिच्याकडेच बघत होती, राग नाही, आग्रह नाही, नुसती बघत होती.

"तो म्हणाला नव्हता," सपना म्हणाली.

"काय?"

"ओके. नेमसिंगभाऊ म्हणाले नव्हते. मी लिहिलं. आजीने चपला घातल्या ते मला दिसलं होतं, सर. मी ओरडले नाही आणि त्यांचं अक्षर लिहिलं."

अपूर्वला ते पटायला वेळ लागला. मग त्याने वही मिटली. "सगळ्या युनिटने डोळे झाकून विश्वास ठेवला या वहीवर," तो म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "चूक समजू शकतो, सपना. खोटी नोंद नाही. पुढच्या सिनेमात तू नसशील. ही वही दुसरं कुणीतरी धरेल."

तिने मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला हॉलमध्ये पुरेसा अंधार नव्हता.

"मला इचारा की," दुसऱ्या रांगेतून आवाज आला. पद्माबाई उभी राहिली होती, समोरच्या खुर्चीची पाठ धरून. "चपला म्या घातल्या. काहून घातल्या ते कोणीच इचारून नाही राहिलं."

"आजी, आम्हाला कळलं," मागचा तरुण कौतुकाने म्हणाला. "तुमी नकार दिला."

"तुला काय कळलं रे? गप बस जरा." ती अपूर्वकडे वळली. "साहेब, हे नाझरसाहेब बोलले ते खरं हाय. वेशीत पायात घालू देत न्हवते. म्या लग्न होऊन आले तवा दीक्षा घेऊन पाच वरसं झाली व्हती, तरी माझी सासू भिकाबाई वेस आली की वाकायची. हात आपसूकच पायाकडं जायचा तिचा. पर ती रिकाम्या हातानं कधीच गेली न्हाई. चपला हातात असायच्या. डाव्या हातात, पदराखाली. वेस वलांडली की खाली टाकायच्या अन् घालायच्या. बाजारातून हौसेनं आणलेल्या चपला व्हत्या तिच्या."

तिने डावा हात पदराखाली नेऊन दाखवला.

"तुमी काय केलं? चपला काढून गाडीत ठेवल्या. म्या दोन बार गेले तशी, मोकळ्या हातानं. दुसऱ्या बारीला मला वाटलं, हे काय व्हऊन राहिलं? माझ्या सासूला चपलाच न्हवत्या असं दिसंन की लोकायला. व्हत्या तिला! काढायला लावल्या व्हत्या." "ह्या नेमसिंगला म्हणलं, हातात दे. ह्यो म्हणला, माय, चौकटीत चप्पल दिसू द्यायची न्हाई, साहेबाची ऑर्डर हाय. हातात घेऊ देईनात, मंग म्या पायात घातल्या."

एवढं बोलून ती खाली बसली.

सपना जागच्या जागी उभी होती. वर्षभर जपलेली गोष्ट तिने स्वतःच रचलेली निघाली होती. आजी तर चूक दाखवत होती. कंटिन्युटीची चूक. साठ वर्षं लक्षात ठेवलेली, डावा हात आणि पदरासकट. आणि वही हातात असून सपनाने तिला काहीच विचारलं नव्हतं.

विश्वंभरकाका अजून पडद्यापाशीच होते. त्यांनी बॅटरी विझवली. "हातात असायच्या," ते हळूच म्हणाले. "मी लहानपणी पाहिलंय, बाई. आमच्या ओट्यावरून दिसायचं. अनवाणी पाय तेवढे ध्यानात राहिले आणि हात विसरलो." मग त्यांनी डायरी उघडली आणि स्वतःच्या यादीत ती चूक लिहून घेतली. ते लिहीत असतानाच अपूर्वने नेमसिंगला जुन्या चामड्याच्या चपला शोधायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कुरुंद्याच्या त्याच रस्त्यावर एक कॅमेरा आणि सहा माणसं उभी होती. वेस नव्हती. तिचं प्लायवूड शूटिंग संपल्यावर कुणीतरी गोठ्याला लावलं होतं, आणि दगडी वेशीचा अर्धा तुकडा म्हशीच्या पाठीमागे दिसत होता. पण अपूर्वला फक्त पाय, हात आणि रस्ता हवा होता. बाकीचं जोडून घेता येणार होतं.

वही तेवढ्यापुरती सपनाकडे परत आली होती. "आजचा दिवस," अपूर्व म्हणाला होता, आणि त्याचा अर्थ तिला समजला होता.

नेमसिंगने तांड्यावरून कुणाच्या तरी आजोबांच्या चामड्याच्या चपला शोधून आणल्या होत्या. पद्माबाईने त्या उलटसुलट करून पाहिल्या, एकीचा अंगठा दाबून पाहिला आणि मान डोलावली. आपल्या रबरी चपला तिने सपनाकडे दिल्या. "धर जरा."

"वेस कुठून कुठवर व्हती?" तिने विचारलं.

अपूर्वने काठीने धुळीत दोन रेघा ओढल्या. "इथून आत शिरायचं आणि इथे बाहेर. एकदाच चालून दाखवा, आजी. घाई नाही."

नेमसिंग पुढे झाला, लुगड्याचा काठ नीट केला, टोपली सरळ केली, डाव्या हातातल्या चपलांवर पदर थोडा ओढला. मग मागे सरकून ओरडला, "ओके!" सपनाने ते ऐकलं आणि मगच 'ने' लिहिलं.

पद्माबाई चालू लागली. पहिली रेघ आली तशी तिची पाठ वाकली. कुणी सांगितलं नव्हतं. पावलं लहान झाली, मान खाली गेली, आणि पदराखालचा हात चपला घट्ट धरून बसला. सपनाने आपल्या आजीला असं चालताना कधी पाहिलं नव्हतं. तिला ती आजी वाटेना. दुसरी रेघ मागे पडली आणि 'कट' यायला हवा होता, पण अपूर्व बोलला नाही. पद्माबाईने चपला धुळीत टाकल्या. आधी उजवी घातली, मग डावी. अंगठा नीट बसवला. पाठ सरळ केली आणि पुढे चालत राहिली, पार बाभळीपर्यंत.

"कट," अपूर्व म्हणाला. दुसरा टेक त्याने मागितला नाही.

सपनाने लिहिलं : टेक एक. चपला डाव्या हातात, पदराखाली. दुसऱ्या रेघेनंतर पायात, आधी उजवी. मग तिने वही मिटून अपूर्वच्या हातात दिली. त्याने ती घेतली आणि नुसतंच "येतो" म्हणाला.

ती बाभळीकडे गेली. आजी तिथे टोपली उतरवून दम खात होती. सपनाच्या एका हातात निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला होत्या. वर्षभर त्या हातात वही असायची, म्हणून आता काय धरायचं ते तिला कळत नव्हतं, आणि तिने त्या चपला छातीशी लावल्यासारख्या धरल्या होत्या.

पद्माबाईने ते पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हातात काहून धरल्या गं?" ती म्हणाली. "टाक खाली."

सपनाने त्या तिच्या पायाशी ठेवल्या. आजीने चामड्याच्या चपला काढून नेमसिंगला परत दिल्या, आपल्या घातल्या, आणि दोघी गावाच्या दिशेने चालू लागल्या.